लेखकाची बैठक

मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल यांच्या धारवाड-हुबळीत राहणाऱ्या आम्हा मंडळींना रियाज म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. एक सूर नीट लागावा म्हणून गवई वर्षानुवर्षे किती घोटतो, हे या भागातल्या जुन्या घरांनी जवळून पाहिले आहे. लेखकाबद्दल मात्र आपण पटकन म्हणून जातो की, ‘अहो, त्याला ती देणगीच होती.’ देणगी असतेच. पण कथा-कादंबरी लिहिणाऱ्यालाही रियाज लागतो, बैठक लागते, आणि ती बैठक कशी जमली याचा इतिहास मराठीत नीट शोधता येतो.

यंदाच्या अंकासाठी हा विषय घेण्याचे कारण घरचेच आहे. आपल्या मंडळात मराठी वाचणारे अजून पुष्कळ आहेत. बोलणारे तर आहेतच. पण स्मरणिकेसाठी कथा मागायला निघालो की दरवर्षी त्याच चार-पाच दारांशी जाऊन थांबावे लागते. ‘आम्ही इतक्या लांब, आमचे मराठी हे असे, आम्ही काय लिहिणार?’ हे उत्तर आता पाठ झाले आहे. म्हणून तीन मोठ्या कथाकारांची घडण येथे मांडत आहोत. पहिले पुण्याचे, दुसऱ्यांची घडण गोव्याच्या वेशीवरच्या एका खेड्यात झालेली, आणि तिसरे तर आपल्या धारवाडचेच.

दर आठवड्याचा वायदा

हरि नारायण आपटे यांचा जन्म १८६४ सालचा, खानदेशातल्या पारोळ्याचा. शिक्षण आणि पुढचे सारे आयुष्य मुख्यतः पुण्यात गेले. आगरकर आणि टिळक ज्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत, त्याच शाळेत ते शिकले. कॉलेजात गेले, पण बी. ए. झाले नाहीत. गणिताने दगा दिला. वाचन मात्र अफाट होते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा या विद्यार्थ्याने त्यावर ‘निबंधचंद्रिका’ मासिकात ७२ पानांची टीका लिहिली. स्वतः लिहिण्याआधी दुसऱ्याचे लेखन शब्दाशब्दाने तपासण्याची ही सवय त्यांना विशीच्या आतबाहेरच लागली होती.

पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मधून क्रमशः येऊ लागली. तिला रेनॉल्ड्स या लोकप्रिय इंग्रज कादंबरीकाराच्या पुस्तकाचा आधार होता. म्हणजे सुरुवात दुसऱ्याचा कित्ता गिरवूनच झाली, पण त्या कित्त्यात त्यांनी पुण्यातली माणसे भरली. १८९० मध्ये त्यांनी स्वतःचे ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि पाव शतकाहून अधिक काळ चालवले. हरिभाऊ कादंबरीकार म्हणून घडले ते या साप्ताहिकात. १८९३ साली पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हा त्यांचा हा दर आठवड्याचा कारखाना जोरात चालू होता.

साप्ताहिकाचा संपादक तोच आणि कादंबरीकारही तोच, म्हटल्यावर ‘आज सुचत नाही’ म्हणायची सोय उरत नाही. प्रकरण वेळेवर छापखान्यात जावे लागते. त्यातून लेखनाला काही वळणे लागतात. मागच्या आठवड्यात काय झाले ते वाचकाला हळूच आठवून द्यायचे, पात्र पुन्हा आले की त्याची ओळख पटेल अशी लकब ठेवायची, आणि आठवडाभर चुटपुट लागून राहील अशा जागी प्रकरण थांबवायचे. हरिभाऊ वाचकांशी मध्येच गप्पा मारतात, त्याचे मूळही इथेच आहे. समोर रोजचे ओळखीचे माणूस बसल्यासारखी ती भाषा आहे.

‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’मधूनच आली. विधवा यमूची ही आत्मकथा पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या पुरुषाने लिहिली, हे आजही नवल वाटते. मोठ्या एकत्र कुटुंबात वावरताना बायकांचे बोलणे, त्यांचे टोमणे, त्यांचे गप्प बसणे त्यांच्या कानात साठले होते. यमू व्याख्यान देत नाही. ती घरातली हकीगत सांगत जाते, आणि केशवपन, सासुरवास, बालविवाह हे विषय त्या हकिगतीतून आपसूक येतात. सुधारणेवरचे शंभर लेख वाचून जे झाले नसते, ते या एका पोरीच्या आवाजाने झाले. त्या आवाजामागे कान देऊन ऐकण्याची सवय होती.

या वायद्याची किंमतही त्यांनी मोजली. कथानके पसरली, पाल्हाळ आला, ‘गणपतराव’सारख्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. पण सगळे मनासारखे जमेपर्यंत थांबू, असे त्यांनी ठरवले असते तर मराठी कादंबरी आणखी किती वर्षे अद्भुत राजपुत्रांच्या मागे धावत राहिली असती, कोण जाणे.

शिरोड्याची अठरा वर्षे

हरिभाऊंच्या भोवती पुणे होते, छापखाने होते, विद्वानांची ऊठबस होती. यातले काहीही जवळ नसताना काय करावे, याचे उत्तर वि. स. खांडेकरांच्या चरित्रात मिळते. सांगलीत १८९८ साली जन्मलेले भाऊसाहेब खांडेकर फर्ग्युसनमध्ये काही काळ शिकले, राम गणेश गडकऱ्यांच्या सहवासात आले, आणि घरच्या अडचणींमुळे शिक्षण अर्धवट सोडून कोकणात आले. १९२० मध्ये ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक झाले. शिरोडे म्हणजे समुद्र, मिठागरे आणि माडांच्या बागा. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तिथे ते १९३८ पर्यंत राहिले.

पगार बेताचा, शाळेचे काम भरपूर. पण या खेड्याने त्यांना माणसे दिली. फी भरू न शकणारे विद्यार्थी, मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगणारी घरे, सावकाराचे देणे फेडता फेडता म्हातारे झालेले बाप. पुस्तकातून आलेली ध्येये आणि ओट्यावर दिसणारे दारिद्र्य यांची गाठ रोज पडत होती. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह शिरोड्यातच झाला, म्हणजे देशाचा इतिहासही दाराशी आला. ‘जीवनासाठी कला’ ही त्यांची भूमिका या मातीत रुजली.

लिहिण्याची सवय इथेही नियतकालिकानेच लावली. सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकात ते लिहीत. परीक्षणे, टीका, लघुनिबंध, जे लागेल ते. पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ १९३० मध्ये आली. तोवर दहा वर्षांची शाळा आणि लेखनाची तालीम पाठीशी जमा झाली होती. नंतर १९४२ च्या ‘क्रौंचवधा’पर्यंत दहाच्या वर कादंबऱ्या झाल्या.

याच सुमारास, १९३१ मध्ये, ना. सी. फडक्यांचे ‘प्रतिभासाधन’ प्रसिद्ध झाले. कथानक कसे रचावे, गुंतागुंत कशी वाढवावी, शेवट कसा साधावा, हे रीतसर सांगणारे हे पुस्तक तेव्हाच्या नव्या लेखकांच्या फार उपयोगी पडले. कथालेखन शिकता येते, हे फडक्यांनी मराठी माणसाला ठासून सांगितले. खांडेकर आणि फडके यांचा ‘जीवनासाठी’ की ‘कलेसाठी’ हा वाद पुष्कळ गाजला. आज मागे वळून पाहता आम्हाला वाटते की दोघेही आपापल्या जागी कारागीरच होते, फक्त एकाचे लक्ष घडणीकडे अधिक आणि दुसऱ्याचे कच्च्या मालाकडे.

खांडेकरांची उणीवही सांगितली पाहिजे. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या वळणाचे अलंकार आणि सुभाषिते त्यांच्या लेखणीला चिकटली होती. पण त्यांच्याजवळ थांबण्याची ताकद होती. ‘क्रौंचवध’ १९४२ ची आणि पुढची ‘अश्रू’ १९५४ ची. मधल्या बारा वर्षांत नवी कादंबरी नाही. मग १९५९ मध्ये ‘ययाति’ आली. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडून तीच कथा सांगतात. या कादंबरीने मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून दिले, १९७४ सालचे.

धारवाडचा एकांत

आता घराजवळ येऊ. जी. ए. कुलकर्णी बेळगावचे, १९२३ सालचे. पुढे धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात त्यांची नोकरीची वर्षे गेली. शिकवायचे इंग्रजी, बाजारात कन्नड, लिहायचे मराठी. आपल्यापैकी अनेकांची आजही हीच रीत आहे. याच गावात घरची भाषा मराठी असलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले. भाषांची अशी ये-जा हे आपल्या भागाचे जुने वैभव आहे. जी. एं.नी त्याची लाज कधी बाळगली नाही. त्यांच्या कथांतली घरे, गल्ल्या, देवळे आणि माणसांची नावे सीमाभागाचीच आहेत.

त्यांच्या कथा ‘सत्यकथा’तून आल्या. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे हे मासिक नव्या लेखकाची कथा जशी आली तशी छापत नसे. काय खटकते, कुठे सैल पडते, हे कळवून पुन्हा लिहायला लावत असे. मुंबईपासून दूर बसलेल्या लेखकालाही टपालातून जाणता वाचक मिळत होता. जी. एं.चा पहिला संग्रह ‘निळासावळा’ १९५९ मध्ये आला, तेव्हा ते छत्तिशीत होते. मग ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’, ‘काजळमाया’. सुरुवातीच्या कथांतून घराघरांतली दुःखे सांगणारा हा लेखक पुढे ‘रमलखुणा’त पूर्णपणे प्रतीकांच्या प्रदेशात गेला. जमलेली वाट सोडून नवी धरण्याची त्यांना भीती वाटली नाही.

या मोकळेपणाला वाचनाचा आणि भाषांतराचा आधार होता. कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची पुस्तके त्यांनी ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशा नावांनी मराठीत आणली. भाषांतर करताना दुसऱ्याच्या वाक्याचे वजन हातात घेऊन पाहावे लागते. लेखकाला याहून चांगली तालीम नाही. दुसरी सवय पत्रांची. सभा-संमेलने टाळणारा हा माणूस मित्रांना मात्र भरभरून लिहीत असे. त्यांच्या पत्रांचे चार खंड निघाले. सुनीताबाई देशपांडे यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार मराठीत सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘काजळमाये’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशन तारखेवरून वाद उठताच जी. एं.नी तो परत केला. बैठक पक्की असलेल्या माणसालाच हे परवडते.

आपल्यासाठी

तिघांची रीत वेगळी आहे. हरिभाऊंना वायद्याने लिहिते ठेवले, खांडेकरांना गावातल्या माणसांनी विषय दिला, जी. एं.ना एकांतात टपालाने सोबत केली. पण काही गोष्टी तिघांत सारख्या आहेत. तिघांनीही लिहिण्याआधी पुष्कळ वाचले. तिघांना नियतकालिकाने वळण लावले. आणि तिघेही आपल्या भोवतीचे बोलणे कान उघडे ठेवून ऐकत होते.

आपल्याकडे ‘करमणूक’ नाही आणि ‘सत्यकथा’ही नाही. आहे ती ही वर्षातून एकदा निघणारी स्मरणिका. तिच्यापुरते तरी तीन नियम आपण पाळू शकतो. लिहू पाहणाऱ्याला गणपतीच्या आदल्या महिन्यात गाठण्याऐवजी संक्रांतीलाच तारीख द्यावी, आणि ती पाळायला लावावी. आलेली कथा ‘छान’ म्हणून ठेवून न देता मंडळातल्या दोन जाणत्यांनी वाचून, काय खटकते ते लिहून, परत पाठवावी. तिसरे म्हणजे, घरात जे मराठी बोलले जाते त्याच मराठीत लिहू द्यावे. आपल्या आजीच्या बोलण्यात कन्नड शब्द येतात, नातवाच्या बोलण्यात हिंदी-इंग्रजी. कथेत ते तसेच यावेत. पुण्याच्या मराठीची नक्कल करू गेलो तर ती धड पुण्याची होत नाही आणि आपलीही राहत नाही.

पिढ्यान्पिढ्या इथे राहिलेल्या आपल्या घरांच्या हकिगती अजून लिहिल्या गेलेल्या नाहीत. पूर्वज कोणत्या निमित्ताने इकडे आले, शेजारच्या कन्नड घराशी कसे नाते जुळले, सुना कोणत्या भाषेत रडल्या आणि मुले कोणत्या भाषेत भांडली, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. बाहेरचा कुणी येऊन हे लिहिणार नाही. तेव्हा विसर्जन झाले की ज्यांच्या मनात काही घोळत असेल त्यांनी एक वही करावी, रोज एक पान लिहावे, आणि संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर पहिला मसुदा आमच्या हाती द्यावा. वाचून परत पाठवण्याचे काम आमच्याकडे लागले.