एका लहानशा फळीचा इतिहास

वल्ह्याने चालवावयाची होडी आपोआप सरळ जाते, ही समजूत ज्याने कधी वल्हे हाती धरले नाही त्याचीच असते. होडी पुढे चालू लागली म्हणजे तिचे पुढचे टोक स्थिर पाणी कापीत जाते आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या दाबात घट्ट धरले जाते. मागचे टोक मात्र ढवळलेल्या, सैल पाण्यात राहते. आडवा वारा सुटला की तो या सैल टोकाला बाजूस ढकलतो आणि होडीचे तोंड वाऱ्याकडे वळते. यावर एक जुना व सोपा उपाय आहे. बाणाच्या शेपटीला जशी पिसे लावतात, तशी होडीच्या मागच्या टोकाखाली एक उभी, स्थिर फळी लावावयाची. ती सुकाणूसारखी वळत नाही. केवळ पाण्यात रुतून मागच्या टोकाला जागच्या जागी धरते. तिला स्केग म्हणतात. हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून आला. या फळीने कयाक नावाच्या होडीच्या इतिहासात जी भूमिका बजावली, तिच्याविषयी आम्हांस येथे काही सांगावयाचे आहे.

कयाक ही ध्रुवप्रदेशातील इनुइट लोकांची शिकारी होडी. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर होड्यांना पुरेल असे लाकूड देणारी झाडे नाहीत. सायबेरियाच्या नद्यांतून समुद्रात आलेली आणि बर्फाबरोबर वाहत किनाऱ्याला लागलेली लाकडे गोळा करावयाची, त्यांचा सांगाडा चामड्याच्या वाद्यांनी बांधावयाचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवावयाचे, अशी ती घडे. ती एकाच माणसासाठी आणि त्याच्याच अंगाच्या मापाने बांधलेली असे. तिला ना सुकाणू, ना फळी. ती सरळ ठेवण्याचे काम शिकारी स्वतः करी. कमरेने होडी किंचित एका कुशीवर कलती करावी, वल्हे एका बाजूला अधिक लांब धरावे, एवढ्यावर तो वाऱ्याला उत्तर देई. होडी उलटली तर त्याच वल्ह्याच्या आधाराने तो पुन्हा वर येई. म्हणजे वल्हे हेच त्याचे सुकाणू होते आणि प्राणरक्षकही तेच होते.

आता त्याच्या जुन्या हत्याराकडे पाहा. दोरी आणि हवा भरलेली कातडी पिशवी जोडलेला हार्पून तो एका हाताने फेकी. दुसरा हात वल्ह्यावर असे. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण आमच्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली येथेच आहे. हार्पूनच्या शिकारीत होडी क्षणभरही बेवारस होत नसे.

१७२१ मध्ये हान्स एगेडे हा धर्मोपदेशक ग्रीनलंडला पोहोचला आणि त्याच्या मागोमाग डॅनिश व्यापार स्थिरावला. व्यापाराबरोबर बंदूक आली आणि एकोणिसाव्या शतकात ती कयाकवर चढली. बंदुकीला दोन हात लागतात. नेम धरावयाचा तर वल्हे खाली ठेवलेच पाहिजे. वल्हे ठेवले की होडी वाऱ्याच्या स्वाधीन होते, तोंड वळते आणि नेम चुकतो. तेव्हा शिकाऱ्यांनी कयाकच्या मागच्या टोकाला काढता-घालता येणारी एक फळी बांधली. आपल्या वेगाने होडी सरळ घसरत राही आणि तेवढ्या अवधीत गोळी झाडता येई. पुढच्या बाजूस पांढऱ्या कापडाचा एक पडदाही उभारला जाऊ लागला. त्यामागे दडलेला माणूस सीलला बर्फाच्या तुकड्यासारखा भासे.

ही सुधारणा म्हणावी काय? फळीने होडी सरळ राहिली हे खरे. पण होडीत असा कोणता दोष शिल्लक होता, की जो शतकानुशतके कोणाला सुचला नव्हता? दोष होडीत नव्हता. माणसाचा हात दुसरीकडे गुंतला, आणि त्या हाताचे काम फळीवर सोपवावे लागले. शिवाय फळी सरळ ठेवू शकते, सावरू शकत नाही. दोन्ही हात बंदुकीवर असताना लाट आली तर फळीचा काहीच उपयोग नाही. गोळी लागलेला सील बुडून हाती न येण्याचे प्रसंगही होतच. १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडून जाणारे आणि त्या हिवाळ्यात तेथेच कयाक चालवावयास शिकलेले फ्रित्यॉफ नॅन्सेन यांनी १८९१ च्या आपल्या ग्रंथात युरोपीयांच्या संगतीने या लोकांची झालेली हानी कळकळीने मांडली आहे. या शिकारीचा धोका बाहेरच्यांनाही चुकला नाही. कयाकविद्येत पारंगत झालेले तरुण इंग्रज संशोधक जिनो वॉटकिन्स १९३२ मध्ये पूर्व ग्रीनलंडमध्ये एकटेच सीलच्या शिकारीस गेले. त्यांची रिकामी कयाक पाण्यावर तरंगताना सापडली, ते मात्र सापडले नाहीत.

पुढे कयाक शिकारीची न राहता सहलीची झाली. १९५९ मध्ये केन टेलर या ग्लासगोच्या विद्यार्थ्याने ग्रीनलंडमधील इग्लोर्सुइत येथे बांधलेली एक कयाक स्कॉटलंडला आणली आणि तिच्या घाटावरून ब्रिटनमधील कित्येक सागरी कयाक निघाल्या. अशा होड्यांत पुढे दोरीने वरखाली करता येणारी फळी सर्रास बसविली जाऊ लागली. ती वर-खाली करता यावी लागते, यालाही कारण आहे. फळी फार मोठी असली किंवा पूर्ण खाली सोडली, तर मागचे टोक इतके जखडले जाते की होडी उलट वाऱ्यापासून दूर वळू लागते, आणि हवे तेव्हा वळविणेही जड जाते.

आजही आखूड प्लास्टिकची कयाक घेणारे अनेकजण घरीच लाकडाचा वा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा कापून मागच्या टोकाखाली पट्ट्यांनी बांधतात. वळावयास सोपी म्हणून बनविलेली ती होडी सरळ जाता जात नाही. तिला ही फळी खरोखरच उपकारक ठरते. असे घरगुती प्रयोग हास्यास्पद मानण्याचे कारण नाही. १९३५ मध्ये टॉम ब्लेक याने हवाईमध्ये एका टाकून दिलेल्या मोटारबोटीची धातूची पाती काढून आपल्या लाटांवर घसरण्याच्या फळीखाली बसविली, आणि त्या खेळाचे रूपच पालटले.

ब्लेकचे नाव राहिले. कयाकला प्रथम फळी बांधणाऱ्या शिकाऱ्याचे राहिले नाही. त्याने ती हौसेने बांधली नव्हती. घरी चूल पेटायची तर सील मारावयास हवा होता, आणि सील मारावयाचा तर दोन्ही हात मोकळे हवे होते. नवे हत्यार आपल्या हाती येते तेव्हा ते काय देते हे आपण तत्काळ मोजतो. त्यासाठी आपला कोणता हात कोणत्या कामावरून उचलावा लागला, हेही मोजण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे, असे आम्हांस वाटते.