हॉलंडमधील उपाशी हिवाळा

लढाईची झळ गर्भालाही लागते. १९४४ साली हॉलंडात रेल्वे कामगारांनी संप केला, म्हणून जर्मनांनी पश्चिम भागाचे अन्न अडविले. त्या हिवाळ्यात लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंद खाल्ले. पुष्कळ बायकांची पाळी थांबली. ज्यांचे शेवटचे तीन महिने उपासमारीत गेले, त्यांची बाळे सरासरी ३०० ग्रॅमने हलकी भरली. मे १९४५ मध्ये सुटका झाली. प्रसूतीच्या नोंदी मात्र जपून ठेवलेल्या होत्या. त्यांवरून पुढे त्या मुलांची तपासणी झाली. गर्भारपणाच्या आरंभीच आई उपाशी राहिली, त्यांच्यात मोठेपणी हृदयविकार अधिक आढळला. हा इतिहास मी सांगते, कारण लढाई नसतानाही आपल्याकडे कित्येक घरांत गरोदर सून सर्वांमागून उरलेले जेवते. तिचे ताट आधी वाढू या.