ब्रुकलिनची पहिली बॅच



आपल्या मैदानावर क्रिकेट, कबड्डी आणि खो-खो रंगायचे. बेसबॉलशी आपला संबंध फारसा आला नाही. तरीही स्मरणिकेसाठी एका बेसबॉल संघाच्या जन्माची हकिकत निवडली आहे. ती वाचताना आपली बॅच आठवेल, असे वाटते.

न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागाचा ‘डॉजर्स’ नावाचा संघ होता. 1947 साली जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरवून त्याने मुख्य स्पर्धेतली वर्णभेदाची भिंत पाडली. 1955 मध्ये त्याने जगज्जेतेपद जिंकले. पण नव्या स्टेडियमच्या जागेवरून मालक आणि शहराचे जमेना. 24 सप्टेंबर 1957 रोजी एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला, तेव्हा प्रेक्षक होते जेमतेम 6,702. पुढच्या वर्षी संघ थेट लॉस एंजेलिसला गेला. 1960 मध्ये मैदान पाडले गेले आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या. ब्रुकलिनकरांच्या मनात ही सल चार दशके राहिली.

त्यांच्यातच फ्रेड विल्पॉन होते. ब्रुकलिनच्या लाफायेट हायस्कूलच्या संघात ते चेंडू फेकायचे आणि पुढे डॉजर्सचा महान पिचर झालेला सँडी कूफॅक्स तेव्हा पहिल्या बेसवर उभा असायचा! विल्पॉन पुढे ‘न्यूयॉर्क मेट्स’चे मालक झाले. मुख्य स्पर्धेखाली होतकरू खेळाडू घडवणाऱ्या ज्या पायऱ्या असतात, त्यांना मायनर लीग म्हणतात. कॅनडातल्या सेंट कॅथरिन्स गावचा असा एक छोटा संघ मेट्सने घेतला. तो 2000 साली क्वीन्स भागात खेळला आणि 2001 मध्ये ब्रुकलिनला आला. समुद्रकाठच्या कोनी आयलंडवर, जुन्या स्टीपलचेस पार्कच्या जागी, शहराने स्टेडियम बांधून दिले. तिथल्या 1927 पासूनच्या प्रसिद्ध लाकडी रोलर कोस्टरवरून संघाचे नाव पडले ‘ब्रुकलिन सायक्लोन्स’.

25 जून 2001 रोजी घरच्या मैदानावर पहिला सामना झाला. 44 वर्षांनी ब्रुकलिनमध्ये पुन्हा व्यावसायिक बेसबॉल! आपले संघ दोन धावांनी मागे होता. सामना हातचा जाणार असे वाटत असताना नवव्या डावात एडगर रॉड्रिग्जने होम रन मारला, म्हणजे आपल्या भाषेत षटकारच. दोन धावा मिळून बरोबरी झाली आणि दहाव्या डावात सायक्लोन्स 3-2 ने जिंकले.

ही पायरी तेव्हा बरीच खालची होती. मोसम जून ते सप्टेंबर असायचा, सामने 76. मैदानात उतरणारी बहुतेक मुले नुकतीच शाळा-कॉलेजातून आलेली. प्रशिक्षक एडगर अल्फोन्झो यांच्या हाताखाली त्यांनी 52 सामने जिंकले, 24 हरले. शेजारच्या स्टेटन आयलंडच्या यांकीजना बाद फेरीत नमवून ती अंतिम फेरीत पोहोचली.

अंतिम फेरी तीन सामन्यांची होती. विल्यम्सपोर्टविरुद्धचा पहिला सामना सायक्लोन्सने जिंकला. दुसरा ब्रुकलिनला होणार होता 11 सप्टेंबरला. त्या सकाळी न्यूयॉर्कवर काय कोसळले, ते सर्वांना माहीत आहे. उरलेले सामने रद्द झाले आणि दोन्ही संघांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. एकट्याच्या नावावर विजेतेपद लागायला सायक्लोन्सना 2019 उजाडावे लागले.

मायनर लीगचा नियमच असा, की चांगला खेळणारा वर जातो, बाकीचे घरी परततात. त्या पहिल्या संघातला डॅनी गार्सिया 2003 मध्ये मुख्य स्पर्धेत पोहोचला. सायक्लोन्समधून तिथे गेलेला तो पहिला. एंजेल पगान 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून जगज्जेता झाला. अनेकांची नावे मात्र पुढे ऐकू आली नाहीत.

पण ब्रुकलिनला पुन्हा स्वतःचा संघ मिळाला, तो या सगळ्यांमुळे. नाव झालेल्यांमुळे आणि न झालेल्यांमुळेही. शाळेची पहिली बाके अशाच मुलांनी भरलेली असतात. म्हणून मेळाव्यात हजेरी घेताना पूर्ण पट वाचावा, एवढीच विनंती.