वाइट बेट रोग, मधमाश्यांचा
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या वाइट बेटावर १९०४ मध्ये प्रथम आढळलेला, १९०६ मध्ये तेथे बळावलेला आणि पुढे ब्रिटनभर पसरला असे मानला गेलेला मधमाश्यांचा विकार. सुमारे १९१९ पर्यंत त्या देशातील बहुसंख्य वसाहती या एकाच रोगाने नष्ट झाल्या, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. हा खरोखर एक रोग होता की निरनिराळ्या कारणांनी झालेल्या हानीला मिळालेले एकच नाव होते, हा वाद मधुमक्षिकापालनाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला; कारण वसाहती परोपजीवीपासून वाचवावयाच्या की उपासमारीपासून, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

लक्षणे साधी होती. कामकरी माश्या उडू शकत नसत. त्या पेटीपुढच्या गवतावर सरपटत, काडीवर चढून खाली पडत. काहींची पोटे फुगलेली, तर काहींचे पंख विस्कटलेले असत. ऑगस्टस इम्स यांनी ब्रिटिश कृषी मंडळासाठी केलेली पाहणी १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच मंडळाच्या १९१२ मधील अहवालात दोष नोसेमा एपिस या आतड्यातील सूक्ष्मजीवावर (त्या काळी तो प्रजीव मानला जाई) ठेवण्यात आला; तथापि नोसेमा निरोगी वसाहतींतही सापडू लागल्याने हे निदान टिकले नाही. दरम्यान पाकात जंतुनाशके मिसळून पाजण्याचे उपाय सर्रास चालू होते. त्यांचा उपयोग झाल्याचा विश्वसनीय पुरावा नाही.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन रेनी व त्यांच्या सहकाऱ्यांना माशीच्या वक्षातील श्वासनलिकांत राहणारा एक अतिसूक्ष्म माइट सापडला. हे संशोधन १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधनास अर्थसाहाय्य करणाऱ्या वुड यांच्या नावावरून त्या माइटाला आज ॲकॅरॅपिस वुडाय म्हणतात. शोध खरा होता आणि त्याचे परिणामही दूरवर झाले. अमेरिकेच्या संसदेने १९२२ मध्ये कायदा करून परदेशांतून प्रौढ मधमाश्या आणण्यावर निर्बंध घातले. इंग्लंडमध्ये १९२७ मध्ये फ्रो यांनी नायट्रोबेंझीन, पेट्रोल व सॅफ्रोल यांचे मिश्रण माइटनाशक म्हणून सुचविले व ते अनेक वर्षे वापरात राहिले. बकफास्ट मठात १९१५-१६ च्या सुमारास ४६ पैकी ३० वसाहती गेल्या. उरलेल्यांपासून ब्रदर ॲडम यांनी पुढे बकफास्ट हे प्रसिद्ध वाण विकसित केले.

रॉथॅमस्टेड येथील लेस्ली बेली यांनी १९५० नंतर या निष्कर्षाची नव्याने छाननी केली. माइट असलेल्या माश्या उन्हाळ्यात इतरांप्रमाणेच उडतात व त्यांचे आयुष्य फारसे घटत नाही. हानी जाणवते ती मुख्यतः हिवाळ्याच्या अखेरीस, असे त्यांना आढळले. म्हणजे सरपटण्याचे कारण माइट नव्हे. ही लक्षणे निर्माण करणारा चिरकारी पक्षाघाताचा व्हायरस त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये वेगळा केला. बेली यांच्या मते १९०६ च्या वसंतात वसाहती भरभरून वाढल्या होत्या व त्यांतून नवी मोहोळे उठण्याच्या बेतात होती; नेमक्या त्याच वेळी वाईट हवेने त्यांना कोंडून ठेवले. शिवाय उपलब्ध फुलोऱ्याच्या मानाने वसाहतींची संख्या फार होती. एकदा रोगाचे नाव गाजल्यावर मात्र उपाशी मेलेली वसाहतही त्याच्याच खात्यावर मांडली जाऊ लागली.

हे कसे घडते ते लक्षात घेण्याजोगे आहे. हिवाळ्यात वसाहत लहान असते व तिचा खर्च कमी असतो. याउलट जूनमध्ये पेटीत ४०–५० हजार माश्या आणि शिवाय अळ्या असतात. हवा थंड व पावसाळी राहिली की मकरंद थांबतो, पण खाणारी तोंडे तेवढीच राहतात, आणि मधाचा साठा पाहता पाहता संपतो. वसंतातला मध पालकाने आधीच काढून घेतला असेल, तर भर उन्हाळ्यात वसाहत उपाशी मरते. पेटीतून नर हाकलले जाणे व पांढऱ्या अळ्या बाहेर टाकलेल्या दिसणे या तिच्या पूर्वखुणा होत. कोंडलेल्या माश्या एकमेकींवर घासून त्यांचे केस तुटतात व त्या जागांतून व्हायरसाचा शिरकाव होतो. त्यामुळे खराब हवा आणि पक्षाघात हे सोबतच दिसतात.

म्हणून अशा उन्हाळ्यात पेटी एका बाजूने उचलून तिचे वजन अजमावणे, मधाच्या काही चौकटी माश्यांसाठी राखणे आणि गरज पडल्यास साखरेचा पाक देणे हे उपाय योजतात. पाक संध्याकाळी देऊन पेटीचे दार अरुंद करतात, नाही तर शेजारच्या बलवान वसाहती लूट करतात. दुबळ्या वसाहती निरोगी असल्यास एकत्र करतात. गवताच्या विणलेल्या टोपल्यांत माश्या ठेवणाऱ्या जुन्या खेडुतांना यांतील बरेचसे करणे अवघडच होते, कारण टोपलीतील पोळी काढून पाहता येत नसत. या उपायांची गरज पुढे शासनानेही मानली. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण असतानाही ब्रिटनमध्ये मधुमक्षिकापालकांना वसाहतींसाठी साखर मिळत असे.

या आपत्तीत ब्रिटनची मूळची काळी मधमाशी नामशेष झाली, असे ब्रदर ॲडम यांच्यासह अनेकांनी मानले होते. नंतरच्या जननिक अभ्यासांत मात्र तिचा वंश ब्रिटन व आयर्लंडमध्ये टिकून असल्याचे दिसून आले. (→ मधमाशी).