फ्रीलान्स करार : सहीपूर्वी कराचे कलम वाचावे

यवतमाळ : पुसद वा वणीत घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची कामे करणाऱ्यांनी करारातील मोबदल्याच्या आकड्याइतकेच त्याचे वर्णनही तपासणे हिताचे ठरते.

मोबदला 'वेतन' असल्यास करकपात उत्पन्नाच्या टप्प्यांनुसार होते. वर्षाला ५०,००० रुपयांहून अधिक 'व्यावसायिक शुल्क' असल्यास ती १० टक्के, 'तांत्रिक सेवा' असल्यास २ टक्के, तर व्यक्तीने घेतलेल्या कंत्राटी कामावर १ टक्का असते. समजा, दरमहा ४०,००० रुपये ठरले. १० टक्क्यांच्या हिशेबाने वर्षात ४८,००० रुपये कापले जातील. अन्य उत्पन्न नसल्यास नव्या करप्रणालीत एवढ्यावर कर लागत नाही. तरीही विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहावी लागते. पॅन न दिल्यास कपात २० टक्के.

नाव 'सल्लागार' आणि वागणूक नोकराची, असा करार सर्वांत फसवा. त्यात भविष्य निर्वाह निधी जातो आणि पगारदारांची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावटही. काम कसे करावे यावर मालकाचे नियंत्रण आहे काय, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये धरांगध्रा केमिकल वर्क्स खटल्यात लावली होती. ठरावीक वेळ, रजेची परवानगी, दुसरे काम घेण्यास मनाई अशा अटी असल्यास सहीपूर्वी खुलासा मागावा.

नोकरदाराचा व्यवसायकर कंपनी भरते. स्वतंत्र व्यावसायिकाला वार्षिक २,५०० रुपये स्वतः भरावे लागतात. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्याने त्यानंतरच्या मसुद्यात १९४-जे, १९४-सी ही जुनी कलमे आढळल्यास ती दुरुस्त करून घ्यावीत.