वाळा, धूप आणि काचेची कुपी

घरांत सुगंध असावा असें कोणास वाटत नाहीं? परंतु तो कशासाठीं असावा, या प्रश्नाचा विचार आम्हीं पन्नाशी उलटल्यावर, आणि तोही एक नुकसान सोसल्यानंतर, प्रथमच केला. गेल्या पावसाळ्यांत एका स्नेह्यांनीं आम्हांस विजेच्या खटक्यावर बसवावयाची एक सुगंधी कुपी भेट दिली. तिची किंमत ऐकून आम्ही चकित झालों. पण वस्तु घरीं आलीच होती, तेव्हां ती अभ्यासिकेंत लावली. चार महिने खोली गुलाबासारखी दरवळत राहिली. दसऱ्यास सरस्वतीपूजनासाठीं भिंतींतलें कपाट उघडलें, तों वडिलांच्या हातच्या टिपणवह्या बुरशीनें एकमेकींस चिकटलेल्या निघाल्या. भिंतींतून ओल झिरपत होती. तिच्या कुबट वासानें महिन्याभरांतच आमच्या नाकास वर्दी दिली असती. परंतु त्या वर्दीच्या तोंडावर गुलाबाचा हात ठेवला गेला होता.

इतिहास शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याच्या घरीं असें व्हावें याची लाज वाटून, आमच्या पूर्वजांनीं घरांतील गंधाविषयीं काय विचार केला होता तें आम्ही शोधूं लागलों. प्रथम दृष्टीस पडला तो वैद्यांचा धूप. सुश्रुतसंहितेंत शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यासाठीं जी धुरी सांगितली आहे, तींत गुग्गुळ, अगरु, राळ, वेखंड, पांढरी मोहरी, मीठ आणि कडुनिंबाचीं पानें हीं तुपांत कालवून घालावयाचीं आहेत. त्यांत कडुनिंबाच्या पानांस सुवासिक कोण म्हणेल? रोग्याचें रक्षण व्हावें हा येथें हेतु आहे. सुवास आला तर तो ओघानें येतो. आमच्या आजींच्या काळीं बाळंतिणीच्या खोलींत ओव्याची व बाळंतशेपांची धुरी होत असे, ती याच कुळांतली.

दुसरा प्रवाह विलासाचा. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर एक अध्याय लिहिला आहे. सोळा द्रव्यांतून चार चार निवडून, त्यांचें प्रमाण पालटीत गेल्यास १,७४,७२० सुगंध सिद्ध होतात, असा त्याचा हिशेब आहे. संख्या ऐकून राजवाड्याचा थाट डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु त्या सोळा द्रव्यांची यादी वाचतांना आम्हांस हंसूं आलें. तींत कापूर, चंदन आणि अगरु आहेत खरे. पण त्यांच्याच पंक्तीस नागरमोथा, वाळा, दवणा, दगडफूल, नागकेशर आणि धने बसलेले आहेत. यांतील शेवटचीं तीन तर आमच्या घरच्या गोड्या मसाल्याच्या डब्यांत आजही नांदत आहेत! म्हणजे वराहमिहिराच्या गंधशाळेचा बराचसा माल काष्ठौषधीच्या दुकानांत नाहीं तर स्वयंपाकघराच्या फळीवर मिळावा, असें झालें.

पुढें कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें सुमारें ११२९ सालीं मानसोल्लास रचला. त्यांत राजाच्या उपभोगांमध्यें धूपभोगासही स्थान आहे. अकबराच्या दरबारांत सोन्यारुप्याच्या धूपदाण्यांत रोज धूप जळे व अंबराचा आणि अगरूचा दरवळ अखंड चालू असे, असें अबुल फज्ल ऐने अकबरींत सांगतो. सुगंधी द्रव्यांचे भावही त्यानें नमूद करून ठेवले आहेत. तरी त्याच ग्रंथांत वाळ्याच्या ताट्यांचें वर्णन आलें आहे, हें विशेष होय. ज्या बादशहास अंबर दुर्मिळ नव्हता, त्याच्याही उन्हाळ्यास थंडावा आणि सुवास दिला तो पाणी शिंपडलेल्या एका गवताच्या मुळांनीं.

ही विद्या केवळ दरबारांतच कोंडलेली होती असेंही नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील पंडित प. कृ. गोडे यांनीं गंगाधराचा गंधसार आणि त्यासोबतचा गंधवाद हे ग्रंथ विद्वानांच्या नजरेस आणले. त्यांपैकीं गंधवादावर मराठी टीका आहे. संस्कृतांत गति नसलेल्यासही ही विद्या हवी होती, असें अनुमान यावरून काढण्यास हरकत नाहीं. आणि आमच्या मनास सर्वांत लागलेला दाखला तंजावरचा. दुसऱ्या सरफोजी राजांच्या (१७९८–१८३२) नांवाशीं जोडलेल्या तेथील सरस्वती महाल ग्रंथालयांत वेखंड, कापूर, लवंग, दालचिनी इत्यादींची भुकटी पुरचुंडींत बांधून पोथ्यांशेजारीं ठेवण्याची रीत होती. ती पुरचुंडी कपाटास सुगंधित करी, आणि पोथीही राखी. आमच्या कुपीनें पहिलें काम केलें. दुसऱ्याच्या मात्र ती आड आली.

या कुपीच्या घराण्याचा इतिहास अगदीं अलीकडचा आहे. १९४१ च्या सुमारास अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील गुडह्यू व सलिव्हन या दोघां शास्त्रज्ञांनीं दाबाखालच्या वायूनें कीटकनाशक फवारणारा डबा तयार केला. हिंवतापाच्या डांसांपासून सैनिकांचें रक्षण करणें हें त्याचें प्रयोजन. युद्ध संपल्यावर तीच युक्ति सुगंध फवारण्यास लागली. शस्त्र गेलें, शृंगार राहिला. आज हें अत्तर फवाऱ्यांतून, वातींतून व विजेच्या उष्णतेनें घरोघर पसरतें. परंतु दुर्गंधाचें मूळ तें बहुधा काढीत नाहीं, वर दुसरा वास पांघरतें. शिवाय लिंबाच्या वासाचें लिमोनीन हवेंतील ओझोनशीं मिळालें म्हणजे त्यांतून फॉर्माल्डिहाइडसारखीं अपायकारक द्रव्यें निपजतात, असें रसायनशास्त्र सांगतें.

जुनें तेवढें सोनें, असें म्हणण्याचा आमचा आग्रह मुळींच नाहीं. दारें लावून कोंडलेल्या खोलींत उदबत्त्यांचा धूर करणें हेंही फुप्फुसांस घातकच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, सुगंधाचा क्रम शेवटचा आहे. आधीं खिडकी उघडावी, ओल शोधावी, कपाट पुसावें, अंथरुणें उन्हांत टाकावीं. मग माठांत वाळ्याची जुडी सोडावी, कपड्यांत केवड्याचें पान ठेवावें, देवापुढें चार मोगऱ्याचीं फुलें वाहावीं. एवढ्यावर ज्यास अत्तर हवें असेल त्यानें तेंही खुशाल घ्यावें.

वह्यांपैकीं ज्या वांचल्या, त्यांचीं पानें आम्हीं एकेक करून सावलींत वाळविलीं. कांहीं ठिकाणीं वडिलांचें अक्षर आतां कधींच लागणार नाहीं. कपाटांत वेखंडाची पुरचुंडी ठेवली आहे, आणि खिडकी रोज सकाळीं उघडतों. अभ्यासिकेस आतां जुन्या कागदाचा आणि किंचित् वेखंडाचा वास येतो. तो कोणी विकत घेणार नाहीं. पण त्यांत कांहीं बिघडलें तर आमच्या नाकास तें त्याच दिवशीं कळेल.