बाप्तिस्म्यानंतरची वाट : पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या इतिहासात धर्मांतराची नोंद बहुधा एक सामाजिक घटना म्हणून होते. वृत्तपत्रांतील गदारोळ, जातीचा बहिष्कार, नातलगांचा आक्रोश आणि अखेर बाप्तिस्म्याची तारीख, एवढे सांगून झाले की इतिहासकाराचे काम संपते. ज्यांनी ते पाऊल उचलले त्यांच्या लेखनाकडे वळले असता मात्र निराळेच चित्र दिसते. धर्मप्रवेश हा त्यांच्या दृष्टीने शोधाचा शेवट नव्हता. ईश्वराशी जिवाचे नाते जडणे ही त्याहून वेगळी, पुष्कळदा अनेक वर्षांनी घडलेली गोष्ट होती. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची आयुष्ये या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रा, पुराणकथन आणि व्रतवैकल्ये यांत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलींना संस्कृत विद्या दिली, आणि देवाच्या दारी भटकत असतानाच दुष्काळाने हे कुटुंब उद्ध्वस्त केले. १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या त्या वेळी या तरुणीला शास्त्रे मुखोद्गत होती. पण त्यांवरील तिचा विश्वास उडत चालला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला.

या दीक्षेनंतर शांतता लाभावी, तो वादच सुरू झाला. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचा झालेला पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, गुरुजनांची आज्ञा या प्रत्येक बाबतीत रमाबाई प्रश्न विचारतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकतीच सुटलेली मान दुसऱ्या जोखडाखाली देण्यास त्यांची तयारी नव्हती. क्रूसावरील मजकूर लॅटिनमध्येच का असावा, संस्कृतात का नसावा, ही त्यांची पृच्छा वरकरणी किरकोळ भासते. परंतु तिच्या मुळाशी मोठा प्रश्न आहे. माणूस आणि देव यांच्यामध्ये परकी भाषा व परका अधिकार यांना स्थान कशासाठी द्यावे? जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. रमाबाईंना ती सदसद्विवेकबुद्धीशी राखलेली निष्ठा वाटत होती. सिस्टरची बाजूही केवळ हटवादाची म्हणता येणार नाही. परंपरेच्या आधारावाचून एकट्याने केलेली साधना भरकटू शकते, ही त्यांची चिंता ख्रिस्ती धर्मविचाराइतकीच जुनी आहे.

विशेष असे की, बुद्धीचे हे स्वातंत्र्य जपूनही आपले मन रितेच राहिले आहे, हे पुढे रमाबाईंना स्वतःलाच जाणवले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना उमगले ते असे : ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचल्याने या जाणिवेला चालना मिळाली. दीक्षित पाळक असूनही हॅस्लमचे अंतःकरण पालटले ते अनेक वर्षांनी, स्वतःच्याच व्यासपीठावर प्रवचन करीत असताना. रमाबाईंसारख्या विदुषीला या कथेने हलवावे, यात आश्चर्य नाही. आयुष्यभर ग्रंथ आणि वाद यांच्या साहाय्याने देव शोधणाऱ्या व्यक्तीला त्यात आपलेच रूप दिसले असणार.

या आंतरिक पालटाची किंमत सार्वजनिक जीवनात मोजावी लागली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास हलविलेले शारदासदन हे धर्मनिरपेक्ष शिक्षणसंस्था म्हणून उभे होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. कोणाला बोलावले नाही, तरी कोणाला घालवणेही शक्य नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. पालकांच्या विश्वासाचा यात भंग होतो, अशी टीकाकारांची. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार संस्थेपासून दूर झाले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या. खाजगी भक्ती कोठे संपते आणि धर्मप्रसार कोठे सुरू होतो, हा प्रश्न त्या उघड्या दाराने उभा केला. त्याचे एकपदरी उत्तर आजही देता येणार नाही.

टिळकांची वाट अगदी निराळी. कवी म्हणून ते आधीच परिचित होते. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने दिलेला ‘नवा करार’ त्यांनी वाचला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मागेच राहिल्या. त्यांनी १९०० साली धर्म स्वीकारला, तोही पतीच्या आज्ञेने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाशी स्वतः झुंजून त्या तेथवर पोहोचल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा प्रवास त्यांनी ज्या निर्व्याज विनोदाने सांगितला आहे, त्यामुळे त्यातील वेदना अधिकच खरी वाटते.

टिळकांना देवाशी बोलण्यासाठी नवी भाषा घडवावी लागली नाही; ती वारकरी संतांनी घडवून ठेवलेली होती. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. मराठीत ख्रिस्तचरित्र त्यापूर्वीही होते. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोमंतकात छापले गेले. परंतु त्याची ओवी ही प्रामुख्याने कथनाची ओवी आहे. ती श्रोत्याला ईश्वराची कथा ऐकविते. टिळकांचा अभंग थेट ईश्वरालाच हाक मारतो. तेथे ख्रिस्त माउली होतो, सखा होतो. त्याच्याशी रुसता येते, हट्ट धरता येतो. कथेकडून संबोधनाकडे झालेले हे स्थलांतर मराठी ख्रिस्ती साहित्यातील महत्त्वाचा टप्पा होय.

हे नाते मिशनच्या चौकटीत मावेना, तेव्हा १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना होती. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. गाणी मात्र मराठी मंडळ्यांच्या उपासनेत राहिली.

रमाबाईंनी याच सुमारास नेमके उलट काम चालविले होते. हिब्रू व ग्रीक शिकून त्या केडगाव येथे बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. प्रचलित भाषांतरातील बोजड आणि हिंदू शास्त्रांच्या अर्थच्छटा वागविणारे शब्द त्यांना खटकत. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कोणाच्या मध्यस्थीवाचून वाचता यावे, असे मराठी त्यांना हवे होते. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच छपाईचे काम केलेला हा ग्रंथ रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्णत्वाने बाहेर आला.

टिळकांना जो शब्दसंचय माहेरासारखा वाटला, तो रमाबाईंना ओझ्यासारखा वाटला. याचे कारण केवळ मतभेदात शोधून चालणार नाही. ज्या परंपरेने टिळकांना तुकाराम दिला, तिनेच रमाबाईंना उपाशी आईबापांचे मरण दाखविले होते. विधवांची दुःखे तर त्या नित्य पाहत होत्या. एकाने जुने शब्द भरून घेतले, दुसरीने ते गाळून टाकले. दोघांचा हेतू मात्र एकच होता : बाप्तिस्म्याने जो देव नावापुरता आपला झाला, त्याच्याशी घरच्या भाषेत बोलता यावे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास धर्मांतराच्या तारखांशी न थांबता या बोलण्यापासून सुरू झाला, तर त्यातील कितीतरी पाने नव्याने वाचावी लागतील.